मान, आदर आणि अकरा वर्षांचं तिकीट

मराठी घरातलं भांडण कशावरून सुरू झालं आणि कुठे जाऊन थांबलं, याचा मेळ सहसा लागत नाही. आमच्याकडे गेल्या उन्हाळ्यात जे झालं त्याला निमित्त होतं गाडीच्या किल्लीचं. आमची कन्या, वय वर्षे सतरा, मैत्रिणीकडे अभ्यासाला जाते म्हणून गाडी घेऊन गेली. अभ्यास सिनेमाच्या थिएटरात चालू आहे, ही बातमी आम्हाला दुसऱ्याच एका मैत्रिणीच्या आईकडून फोनवर कळली. रात्री साडेअकराला बाईसाहेब घरी आल्या. आम्ही दिवाणखान्यात दिवा बंद करून बसलो होतो. (अशा वेळी दिवा बंद ठेवावा, परिणाम चांगला होतो. आमचे वडीलही असेच अंधारात बसत. फरक एवढाच, की तेव्हा वीजच गेलेली असे.)

खोटं बोलणं या विषयावर आम्ही वीसएक मिनिटं बोललो. त्यात आमचे आजोबा आले, राजा हरिश्चंद्र आला, दोन बॅगा घेऊन आम्ही या देशात उतरलो तो दिवसही आला. सौ. मधून मधून "पुरे आता" असं खुणेनं सांगत होत्या. शेवटी आम्ही ठेवणीतलं वाक्य बाहेर काढलं, "बापाबद्दल काही आदर आहे की नाही तुला?"

इतका वेळ मुकाट्यानं ऐकणारी मुलगी तेव्हा पहिल्यांदा बोलली. आवाज चढवला असता तर आम्हाला सोपं गेलं असतं. तिनं तो चढवला नाही. "बाबा, त्या पार्कच्या गेटवर तू सांगितलंस की मी अकरा वर्षांची आहे. मी बाराची होते. आणि त्याआधी गाडीत तू मला शिकवलंस, कोणी विचारलं तर इलेव्हन म्हण." मग इंग्रजीत एवढंच म्हणाली, की आदर मागून मिळत नाही, तो कमवावा लागतो, आणि जिना चढून वर गेली.

प्रसंग पाच वर्षांपूर्वीचा. देशातून पाहुणे आले होते, सगळे मिळून आठ जण होतो, बारा वर्षांच्या आतल्या मुलांना तिकीट कमी होतं, आणि प्रत्येक डॉलरला मनातल्या मनात रुपयांनी गुणायची आमची सवय तेव्हा (आणि खरं सांगायचं तर अजूनही) गेलेली नव्हती. मुलगी अंगानं लहानखुरी. खिडकीतल्या पोरानं वर मान करून पाहिलंसुद्धा नाही. आम्ही ती गोष्ट साफ विसरलो होतो. ती विसरली नव्हती. बारावं वर्ष लागल्याचा तिला केवढा अभिमान होता, आणि बापानं तो गेटवर काढून घेतला, ही त्यातली दुसरी बाजू तर आम्हाला त्या रात्री पहिल्यांदाच दिसली.

"आदर कमवावा लागतो" हे वाक्य इथे वाढलेल्या मुलांच्या तोंडी सर्रास असतं. मंडळाच्या कार्यक्रमात चहाच्या टेबलाशी उभं राहिलं की चारातल्या दोन आईबापांची हीच तक्रार ऐकू येते. आपल्या कानांना ते वाक्य उद्धट वाटतं, आणि त्याला कारण आहे. आपल्याला व्यवहार उलट शिकवला गेला, तोही बोलायला लागल्यापासून, थेट व्याकरणातून. इंग्रजीत राष्ट्राध्यक्षालाही 'यू' आणि दारातल्या कुत्र्यालाही 'यू'. मराठीत मात्र क्रियापद उच्चारायच्या आधीच हिशेब करावा लागतो, की समोरचा इसम 'आला' की 'आले'. मास्तर आले, मामलेदार आले, जावई आले. मनुष्य चांगला की वाईट ते पुढे ठरायचं तेव्हा ठरेल. आदरार्थी बहुवचन आधी मोजा. मुंबईत जागा घेताना पागडी द्यावी लागे, तसला हा प्रकार. जागा गळकी निघाली तरी पागडी परत मिळत नाही!

पण याच भाषेत दुसरीही एक चाल आहे आणि ती आम्हाला त्या रात्री जागताना आठवली. आई 'तू' असते. आजी 'तू' असते. पांडुरंग विटेवर उभा आहे. "पांडुरंग विटेवर उभे आहेत" असं एकदा म्हणून पाहा, एखाद्या समारंभाचे प्रमुख पाहुणे वाटतील. जनाबाईची जनी झाली, नामदेवांचा नामा झाला, आणि त्यात कुणाला कधी कमीपणा वाटला नाही. म्हणजे जिथे मान व्याकरणानं राखावा लागतो तिथे आपण अहो-जाहो करतो, आणि जिथे तो आतूनच असतो तिथे खुशाल एकेरीवर येतो. आमची मुलगी आम्हाला "बाबा, तू" म्हणते. आमच्या वडिलांना आम्ही "अहो बाबा" म्हणत होतो. यातला कोणता बाबा जास्त भाग्यवान, हा हिशेब दिसतो तितका सरळ नाही.

इंग्रजीतल्या एका 'रिस्पेक्ट'साठी आपल्याकडे दोन शब्द आहेत, मान आणि आदर. आपण ते एकाच थैलीत टाकतो आणि तिथे घोटाळा होतो. मान हा जागेला असतो. वरमाईचा मान, मानाचं पान, पुण्यातले मानाचे गणपती, मानकरी. तो ठरलेला असतो, मागून घेता येतो, आणि मिळाला नाही तर माणूस रुसतो. लग्नात मानपानावरून मांडवातून उठून गेलेले काका प्रत्येक घराण्यात एक तरी असतात. आदर रुसून मांडवातून उठून गेला, असं मात्र ऐकिवात नाही.

तिसरा शब्द 'अधिकार'. कलेक्टर हा अधिकारी, कारण सरकारनं त्याला तसा हुकूम दिला. पण एखाद्या बुवांचं गाणं ऐकून जाणता माणूस म्हणतो, "यांचा अधिकार मोठा." तिथे कुठला हुकूम असतो? वेदान्ताच्या पोथीत तर अधिकारी म्हणजे शिकवणारा नव्हे, शिकणारा. ज्यानं स्वतःला त्या ज्ञानाच्या लायकीचं केलं आहे तो. एकाच शब्दात खुर्चीही आहे आणि लायकीही. ज्यांनी हा शब्द असा दुहेरी वापरला त्यांना बहुधा वाटत असावं, की दोन्ही गोष्टी एकाच ठिकाणी सापडाव्यात. नेहमी सापडत नाहीत, याचा दाखला द्यायला आम्हाला लांब जायला नको.

दोन वर्षं आम्ही इथल्या मंडळाचे अध्यक्ष होतो. घटनेप्रमाणे रीतसर निवडून आलो (उमेदवार एकच होता, हा भाग वेगळा). लेटरहेडवर नाव छापलं गेलं. गणेशोत्सवाला आम्ही एका हायस्कूलचं सभागृह आणि कॅफेटेरिया भाड्यानं घेतो. करार असा, की रात्री दहाला सगळ्या खुर्च्या मिटून, फरशी झाडून जागा ताब्यात द्यायची. पुढे प्रत्येक तासाला जादा भाडं. पावणेदहाला आम्ही माईकवरून विनंती केली. मग आग्रहाची विनंती केली. मग "अध्यक्ष या नात्यानं" सूचना केली. मंडळी साडीचं सूत आणि घराचं व्याज यांवर बोलत शांतपणे बसून राहिली. तेवढ्यात आमचे एक काका कचऱ्याची काळी पिशवी ओढत कॅफेटेरियातून बाहेर आले. वय सत्तरच्या पुढे. कार्यकारिणीत कधी नाहीत, स्टेजवर कधी नाहीत. सकाळी आठपासून ते तिथे होते. आधी टेबलं मांडली, मग मसालेभाताच्या पातेल्यापाशी उभे राहिले, सगळ्यांची पंगत उठल्यावर स्वतः उभ्याउभ्या दोन घास खाल्ले. त्यांनी स्वतः एक खुर्ची मिटली आणि कुणाकडेही न बघता म्हणाले, "चला रे, आवरू या." पाच मिनिटांत तीनशे माणसं उठली. एका हृदयरोगतज्ज्ञानं झाडू घेतला.

आम्हाला राग आला होता, हे कबूल करतो. घरी येताना गाडीत सौ.नी एकच प्रश्न विचारला, "तुम्ही जेवलात कधी?" आम्ही पहिल्या पंगतीत जेवलो होतो. पदाधिकाऱ्यांना रांग नसावी असा ठराव आमच्याच कारकिर्दीत झाला होता, आणि त्याच दुपारी "कृपया रांगेतच यावे" अशी सूचना माईकवरून आम्हीच चार वेळा दिली होती.

नोकरीतही हेच पाहिलं. नवे नवे आलो तेव्हा साहेबाला नावानं हाक मारायची या कल्पनेनंच घशाला कोरड पडायची. मग वाटलं, वा, इथे कोणी साहेबच नाही! तोही भ्रमच. नावानं हाक मारलेला साहेब शुक्रवारी दुपारी पुठ्ठ्याचा खोका हातात देऊन घरी पाठवू शकतो. अधिकार तोच असतो, फक्त व्याकरणात दिसत नाही. पण त्यामुळे एक सोय झाली. हाक सगळ्यांना सारखीच, तेव्हा आदर कुणाबद्दल वाटतो हे स्वतःशी लपवता येत नाही. आमचा एक साहेब होता. मोठ्या गिऱ्हाइकाच्या कामात आमच्या हातून आकड्यांची चूक झाली, तर बैठकीत तो म्हणाला, कागद मी पाहून सही केली होती, चूक माझी आहे. नंतर बंद दाराआड त्यानं आमची जी काही हजेरी घेतली ती घेतलीच. त्यानंतर त्यानं रात्री अकराला फोन केला तरी आम्ही उचलत होतो. दुसरा एक साहेब होता, त्याच्याबद्दल न लिहिलेलं बरं.

आता गोष्ट रामशास्त्र्यांची. ती आम्ही इथल्या रविवारच्या मराठी शाळेत गेली कित्येक वर्षं सांगत आलो आहोत, आणि आमच्या कन्येनं ती आमच्याच तोंडून निदान तीनदा ऐकली आहे. साताऱ्याजवळच्या माहुलीचे राम विश्वनाथ प्रभुणे. लहानपणी सावकाराकडे घरकामाला होते, मालकाच्या पायावर पाणी घालताना त्याच्या भिकबाळीकडे पाहत राहिले म्हणून टोचून बोलणी खाल्ली, आणि मग तरणेपणी उशिरा काशीला जाऊन शिकले, असं सांगतात. १७५९ च्या सुमारास पेशव्यांच्या दरबारी न्यायाधीश झाले. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. शास्त्र्यांनी चौकशी केली, धागा थेट नव्या पेशव्यांपर्यंत, म्हणजे रघुनाथरावांपर्यंत पोचला. प्रायश्चित्त काय, असं विचारल्यावर त्यांनी देहान्त प्रायश्चित्त सांगितलं, आणि हा माणूस गादीवर आहे तोवर पुण्यात राहायचं नाही म्हणून न्यायासन सोडून निघून गेले.

शाळेतली मुलं इथपर्यंत आली की डोळे विस्फारतात. एक मुलगा दर वर्षी विचारतो (मुलगा बदलतो, प्रश्न तोच), "मग त्याला फाशी दिली का?" नाही दिली. निकाल अमलात आला नाही, अधिकार रघुनाथरावांकडेच होता. आम्ही तिथे थोडे अडखळतो आणि पुढे सरकतो.

तर भांडणानंतरच्या रविवारी शाळेला जाताना गाडीत कन्या शेजारी बसली होती. ती आता धाकट्या वर्गाला मदत करते. पाच दिवस बोलणं जेवणाच्या टेबलापुरतंच होतं. मध्येच म्हणाली, "बाबा, ती मेडिटेशनची गोष्ट तू नेहमी घाईत सांगतोस. त्यात तो किंग काय म्हणाला?"

किंग म्हणजे माधवराव. गोष्ट अशी. माधवराव पेशवे एका काळात जपजाप्यात फार रमू लागले. कामं खोळंबली. रामशास्त्री एकदा कामासाठी आले तर पेशवे ध्यानाला बसलेले. शास्त्री परत गेले, आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी काशीला जायची रजा मागितली. पेशव्यांना कारण उमगलं. तेव्हा शास्त्र्यांनी त्यांना सरळ सांगितलं, की ब्राह्मणाचं कर्म करायचं असेल तर गादी सोडा, चला, मीही येतो गंगेवर; पण राज्य करायचं असेल तर रयतेचं काम हाच तुमचा धर्म. ग्रँट डफनं १८२६ साली छापलेल्या मराठ्यांच्या इतिहासातही ही हकीकत आहे, आणि परक्या गोऱ्या माणसाला ती लिहावीशी वाटली, याचं आम्हाला नेहमी कौतुक वाटतं.

आम्ही ही गोष्ट सांगताना सगळा भर शास्त्र्यांवर देतो. बाणेदारपणा, निःस्पृहपणा वगैरे. माधवराव काय म्हणाले? काही फार म्हणाले नाहीत. त्यांनी ऐकलं, चूक मान्य केली आणि जपाचा तो नाद सोडला.

"मग लोकांनी त्याला वीक समजलं नाही?" कन्येनं विचारलं.

लाल दिव्याला गाडी उभी होती, म्हणून आम्हाला विचार करायला सवड मिळाली. लोकांनी त्यांना दुबळं समजलं नाही, आणि का समजलं नाही हे पाहायचं तर त्यांची अकरा वर्षं नीट पाहावी लागतात. १७६१ मध्ये पानिपतानंतर गादीवर बसले तेव्हा ते सोळा वर्षांचे होते, म्हणजे आमच्या कन्येपेक्षा एक वर्षानं लहान. वस्त्रं त्यांना मिळाली, पण कारभार काकांच्या हातात. १७६२ साली काका निजामाला मिळाले, आळेगावाशी पुतण्याचा पराभव झाला, आणि पेशवा असूनही हा मुलगा घर फुटू नये म्हणून आपण होऊन काकांच्या स्वाधीन झाला. पुढच्याच वर्षी, ऑगस्ट १७६३ मध्ये, राक्षसभुवनला निजामाच्या फौजेनं काकांना घेरलं तेव्हा त्याच पुतण्यानं उलट फिरून त्यांना सोडवलं आणि लढाई जिंकली. त्यानंतर कारभार हळूहळू त्याच्या हातात आला. हुकूम तोच होता, वस्त्रं तीच होती; फरक पडला तो बघणाऱ्यांच्या नजरेत.

आणि काका? रघुनाथरावांकडे काय नव्हतं! १७५८ साली मराठ्यांची घोडी लाहोरपर्यंत, अटकेपर्यंत गेली ती त्यांच्या सरदारकीत. पराक्रम होता, वय होतं, अनुभव होता, आणि १७७३ मध्ये साताऱ्याहून पेशवाईची वस्त्रंही आली. पण एक एक करून माणसं बाजूला होऊ लागली. सखारामबापू, नाना फडणीस आणि इतरांनी बारभाईंचं कारस्थान केलं, नारायणरावांच्या गरोदर पत्नीला, गंगाबाईंना, पुरंदरावर नेलं. १८ एप्रिल १७७४ ला तिथे मुलगा झाला आणि चाळिसाव्या दिवशी त्याला पेशवाई दिली गेली. आम्हाला या जागी नेहमी थांबावंसं वाटतं. एका बाजूला अटकेपार गेलेला योद्धा, दुसऱ्या बाजूला पाळण्यातलं पोर. आणि दरबार पाळण्याकडे गेला. अर्थात त्यात राजकारण होतंच, नाना काही संत नव्हते, आणि चाळीस दिवसांच्या पेशव्याच्या नावानं कारभार करणं मोठ्यांना सोयीचंही होतं. पण ज्या कायद्याखाली इतरांची मुंडकी उडतात तो स्वतःला लागू नाही, असं एकदा सगळ्यांनी पाहिल्यावर रघुनाथरावांचा शब्द कुणाच्या मनात उरला नाही. मग ते इंग्रजांकडे गेले, १७७५ मध्ये सुरतेला तह केला, युद्ध झालं, १७८२ च्या सालबाईच्या तहात पेन्शनीवर आले आणि १७८३ साली कोपरगावला वारले. रामशास्त्री बारभाईंच्या काळात पुण्याला परतले आणि १७८९ मध्ये गेले तोवर त्यांचं न्यायासन त्यांचंच होतं. निकाल अमलात आला नाही म्हणून अडखळायचं आम्हाला खरं तर काही कारण नव्हतं.

शास्त्र्यांच्या पत्नीची गोष्ट तर वाचकांपैकी बहुतेकांना ठाऊक असेल. बाई साध्या लुगड्यात वाड्यावर हळदीकुंकवाला गेल्या, पेशव्यांच्या पत्नीला ते बरं दिसेना, तिनं दागिने घालून पालखीतून परत पाठवलं, आणि शास्त्र्यांनी दारातच सांगितलं, की या कोणी मोठ्या घरच्या बाई दिसतात, घर चुकलं असेल. ही आख्यायिकाच, खरी खोटी देव जाणे. लहानपणी आम्हाला शास्त्र्यांचा थोडा रागही यायचा, बिचाऱ्या बाईंचा काय दोष? (सौ.चं मत आजही तेच आहे.) पण लोकांनी अडीचशे वर्षं ही गोष्ट का जपली असेल? पेशव्याला देहान्त सांगणाऱ्या माणसानं स्वतःच्या उंबऱ्यावर कोणता नियम लावला, हे त्यांना पाहायचं असणार.

आमच्या वडिलांच्या पिढीसाठी हे काम चिंतामणराव देशमुखांनी केलं. महाडजवळचा मुलगा, आय.सी.एस., १९४३ साली रिझर्व्ह बँकेचा पहिला भारतीय गव्हर्नर, १९५० पासून अर्थमंत्री. १९५६ मध्ये मुंबई महाराष्ट्रापासून वेगळी ठेवायचं ठरलं तेव्हा त्यांनी राजीनामा दिला. वडील तेव्हा कारकून होते. देशमुखांना त्यांनी प्रत्यक्ष कधी पाहिलं नव्हतं. घरात वर्तमानपत्र वाचताना इतर मंत्र्यांना ते पूर्ण नावानं, वर 'माननीय' लावून संबोधत, आणि त्यात एक तिरकस सूर असे. देशमुखांना मात्र नुसतं "सीडी" म्हणत. "सीडी गेला सोडून." मराठीचं ते एकेरी आम्हाला तेव्हा कळलं नव्हतं.

हे सगळं काही आम्ही लाल दिव्याशी बोललो नाही. तेवढ्या वेळात फक्त एवढंच सांगितलं, की लोकांनी माधवरावाला वीक समजलं नाही, कारण चूक सांगणारा नोकर होता आणि ऐकणारा मालक होता, आणि मालकाला ऐकायची सक्ती नव्हती. कन्या "हं" म्हणाली. दिवा हिरवा झाला. पुढच्या दोन मैलांत आम्ही जे बोललो ते तीन वेळा मनात जुळवून मग बोललो. गेटवर खोटं बोललो ते चुकलं. तुला बोलायला लावलं ते जास्त चुकलं. आणि त्या रात्री हरिश्चंद्राला मध्ये आणलं ते तर आणायलाच नको होतं.

"किती वाचले होते?" तिनं विचारलं.

"बारा डॉलर."

ती खिडकीबाहेर बघत हसली. मग म्हणाली, सिनेमाबद्दल ती खोटं बोलली तेही चूकच होतं, आणि सिनेमा भिकार होता. गाडीची किल्ली आम्ही ठरल्याप्रमाणे महिनाभर दिली नाही. याबद्दल मात्र तिनं हूं की चूं केलं नाही, आणि आम्हाला त्याचं थोडं आश्चर्य वाटलं.

ऑगस्टमध्ये सासूबाई देशातून आल्या. एका रविवारी सगळे मिळून संग्रहालय पाहायला गेलो. खिडकीवर पाटी होती, पासष्ट आणि त्यापुढच्यांना तिकीट कमी. सासूबाईंना पासष्टावं पुरं व्हायला दोन महिने होते. सत्तर वर्षांच्या सहज दिसतात. पाटीवरची इंग्रजी अक्षरं त्यांनी आमच्याआधी वाचली आणि आमच्या कोपराला हळूच ढोसलं, "सांगा ना पासष्ट. कोण विचारतंय?" कन्या दोन पावलांवर उभी राहून डायनासोरचं माहितीपत्रक वाचत होती. पान उलटत नव्हती.

खिडकीतल्या मुलीनं विचारलं, "किती ज्येष्ठ नागरिक?"

"कोणी नाही. चार मोठे."

आत शिरल्यावर सासूबाई लेकीला म्हणाल्या, "काय बाई तुझा नवरा! दोन महिन्यांनी काय आभाळ कोसळलं असतं?" आणि पुढे दिवसभर, डायनासोरच्या सांगाड्यापासून इजिप्तच्या ममीपर्यंत, प्रत्येक दालनात त्या आम्हाला ऐकू जाईल अशा बेतानं त्या पाच डॉलरांत पुण्यात काय काय येतं ते नातीला सांगत राहिल्या.